राखीव पोरांची तुकडी

सौ. सुकेशनी, जयभीम.

आपला धम्मपाल बरा आहे, भात दोनदा मागून घेतो. आईचे गुडघे कसे आहेत?

इथं अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा तो खेळ, राखीव पोरांची वेगळी तुकडी असते. लाथेनं लांब मारलेला चेंडू जो झेलेल, त्याला पळत जाऊन आडवं पाडायचं. मुख्य खेळाडूंची हाडं शाबूत राहावीत म्हणून ही सोय. आपला त्यात आहे. पोरगा संघात निवडला म्हणून परभणीभर पेढे वाटून आलेला मी, चिडून म्हणालो, "म्हणजे तू बदली कामगार."

तो नुसता हसला. शनिवारी मात्र सगळ्यांच्या पुढं पळाला, रेड्यासारख्या गड्याला पाडलं आणि स्वतःचा खांदा निखळवून घेतला. डावाच आहे, काळजी करू नकोस.

दवाखान्यात विचारायला लागला, "पप्पा, पाडलं का न्हाई त्याला?"

मी 'लय भारी' म्हणालो. खरं तर तो त्या गड्यावर धडकला तेव्हा मी डोळे मिटले होते.

तुझा तोंडाळ,
किशन