दाराजवळची खुर्ची

१४ मार्च

प्रिय छोटी,

खुशाल असशील. इथे सगळं ठीक. कामगारांच्या सभांनी घसा बसलाय, म्हणून फोन न करता ई-मेल लिहितेय.

पेशंटच्या घरच्यांना वाईट बातमी सांगायला हॉस्पिटलात तू जी खोली आखलीस, तिचं काल उद्घाटन मी केलं, कौतुकही केलं. पण खरं सांगू? वाईट बातमी समोरासमोर सांगावी. तू खुर्च्या तिरक्या मांडल्यास, मधलं टेबल काढलंस, नजर वळवायला खिडकी दिलीस. आणि ज्याला बोलणं जड जाईल त्याची खुर्ची दाराजवळ, वाटलं तर उठून जाता यावं म्हणून. मी भाषणात विचारलं, सत्याला पळवाट कशाला? टाळ्या पडल्या. तू नुसती हसलीस.

नंतर चहा घेताना तिथली नर्स सहज म्हणाली, की खोलीचा रंग चालू असताना माझी लेक तुझ्याबरोबर आली होती. दाराजवळच्या खुर्चीत बसून रडत होती.

‘माय मरो, मावशी उरो’ म्हणणाऱ्याला मी आजवर मूर्ख समजत होते.

बातमी मला कारखान्याच्या गेटवर आधीच कळली होती. ज्या मालकांविरुद्ध मी घसा फोडते, त्यांच्याकडेच ती वकील म्हणून चाललीय. त्यावर भांडेन, सोडणार नाही. पण ते मला तिच्या तोंडून हवं होतं. घरी येताच तिला जेवणाच्या टेबलाशी समोर बसवलं. विचारलं, काही सांगायचंय का?

"आई, तू एकटीने विचारलंस तरी तुझ्यामागे अख्खी सभा बसल्यासारखी वाटते," म्हणाली आणि उठून गेली.

राग तुझा आला. नऊ महिने मी वाहिलं, आणि तू दोन खुर्च्या मांडून तिला घेऊन गेलीस.

आज सकाळी टेबल भिंतीला सारलं. दोन खुर्च्या खिडकीकडे तिरक्या ठेवल्या. कोन चुकला असेल, तुला विचारणार नाही. लेक जाता जाता थबकली.

"मावशीने सांगितलं असं मांडायला?"

"नाही."

माझं आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. तिने खुर्च्यांकडे पाहिलं, केस विंचरून येते म्हणाली. ती येईपर्यंत हे लिहितेय.

तिने तुला फोन केला तर उचलू नकोस. मावशी उरो, पण आजचा दिवस जरा लांब उरो.

दाराजवळची खुर्ची रिकामी ठेवून बसलेली,
तुझी ताई