रेती की शेती

७ एप्रिल, सोमवार

दिव्यांग कक्षाचा कारभार आजपासून माझ्याकडे! ग्रंथालय होतंच, त्यात हे. कक्ष म्हणजे वर्तमानपत्रांच्या रॅकजवळ एक टेबल, तीन खुर्च्या आणि नवी पाटी. पाटी टेबलापेक्षा लांब आहे. प्राचार्यांना म्हटलं, सर, मला यातलं काय येतं? ते म्हणाले, मॅडम, या कॉलेजात नियम वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच. हे कौतुक होतं की कटकट टळल्याचा आनंद, घरी येईपर्यंत ठरवत होते. ठरलं नाही.

कक्षात सध्या एकच विद्यार्थिनी. दामिनी दिघोरे, बी.ए. दुसरं वर्ष. जन्मापासून दिसत नाही. अड्याळच्या पुढच्या गावाहून एसटीने येते, वडील तलावात मासे धरतात. मागच्या वेळी समाजशास्त्राच्या पेपरला लेखनिक म्हणून चुलतभावाला घेऊन आली. भाऊ पदवीधर! लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दारातून परत पाठवलं. आता २५ तारखेला तोच पेपर. हा राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. आणि एकदा घरी बसलेल्या मुलीला पुन्हा कॉलेजात कोण पाठवतं?

मी तिला छोटंसं भाषण दिलं. लेखनिक, जादा वेळ, ही मेहरबानी नाही, हक्क आहे. मागायला लाजायचं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी लाजतच नाई मॅडम. मांगाचं कोनाले, थेच मालूम नव्हतं."

भाषण तिथेच संपवलं.

९ एप्रिल, बुधवार

लेखनिक मिळाली! रंजू. दामिनीच्या शेजारची, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. अक्षर सुटसुटीत, टपोरं. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या भांडतात. टेबलाच्या डावीकडे, पेपरच्या रॅकला लागून, कूलर घरघरतो, म्हणून दोघींना माझ्या उजवीकडे बसवलं.

पहिलाच सराव आणि मला पहिलीच शंका. दामिनी बोलता बोलता "मले" म्हणते, रंजू "मला" लिहिते. नियम म्हणतो, सांगेल तेच लिहायचं. "तेच" म्हणजे किती तेच? सरांकडे गेले. ते म्हणाले, कायले डोकं पिकवून राहिल्या मॅडम, उन्हाळा काय कमी आहे?

रंजू म्हणाली, ठीक आहे, मी "मले"च लिहीन, पण तपासणारे सर पुण्याचे निघाले तर? शेवटी निकाल दामिनीनेच दिला. पेपरात ती "मला" म्हणेल आणि बाहेर आल्यावर उरलेलं "मले" म्हणून घेईल.

११ एप्रिल

कैलाश म्हणाला, चार वाजता निघू. मला ऐकू आलं, चहा घेऊन निघू. मी चहा टाकला! लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला स्पष्ट बोलता येत नाही.

१३ एप्रिल, रविवार

परीक्षेच्या बैठकीसाठी इस्त्रीची साडी नेसून कॉलेजात गेले. फाटकाला कुलूप. आत एक बकरी, मजेत.

बैठक काल झाली म्हणे, शनिवारी! पण शिपाई बुधरामने फोनवर मला रविवार सांगितलं होतं. मी स्वतः ऐकलंय. त्याला फाटकातूनच फोन लावला. तो म्हणतो, मॅडम, रविवारी कोन बैठक घेते? मुद्दा बिनतोड. पण मग मी रविवार ऐकला कुठून? हा माणूस ओठातल्या ओठात बोलतो, दुसरं काही नाही. त्याच्यावर जरा आवाज चढला माझा. तो चढायला नको होता.

१५ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते मला आवडलेलं नाही.

सरावाला प्रश्न होता आपल्या परिसरातल्या गावांच्या अर्थजीवनावर. दामिनी सांगत होती, रंजू लिहीत होती, मी देखरेख. दामिनी म्हणाली, "बहुतेक कुटुंबे रेतीवर अवलंबून आहेत." मनात म्हटलं, वा! पुस्तकात नसलेलं खरं बोलली पोरगी. वैनगंगेकाठी रेतीचे ट्रॅक्टर कुणाला माहीत नाहीत? पण पुस्तकी उत्तर नव्हे, मार्क जाणार. मग वही पाहिली. रंजूने लिहिलं होतं — "शेतीवर अवलंबून."

पुढे लक्ष ठेवलं. दामिनी "वीस टक्के" म्हणाली, वहीत "तीस". ती "पाण्याचा वाटा" म्हणाली, वहीत "पाण्याचा साठा". प्रत्येक ठिकाणी वहीतलं उत्तरच बरोबर! म्हणजे रंजू चुका दुरुस्त करते. मैत्रीपोटी असेल. पण ही कॉपीच ना?

वही मिटून परत दिली. उठताना दामिनीने भलतंच विचारलं. "मॅडम, मी बोलली का तुमी मान काहून फिरवता? तुमचं 'काय?' दर खेपेले पेपरच्या रॅककडून येते." म्हटलं, कूलरमुळे असेल. मनात मात्र गंमत वाटली. काय कान आहेत या मुलीचे!

१७ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस माझं मन कोर्टासारखं चाललंय. वकीलही मीच, आरोपीही मीच, आणि न्यायाधीश जेवायला गेलेला.

लेखनिकाने मनचं लिहिलेलं पकडलं गेलं तर पेपर रद्द. गप्प बसले तर मी त्यात सामील. बोलले तर दामिनीचं वर्ष माझ्या हातून जाणार. आणि गप्प बसण्यामागे माझी दया आहे की माझाच भित्रेपणा? शेवटी बोलले. दोघींसमोर, सरळ.

रंजू रडली नाही, तिला राग आला. म्हणाली, "मी माह्या मनानं एक अक्षर नाई लिहिलं, मॅडम." दामिनी म्हणाली, "मी शेतीच म्हनली." मैत्रिणीला वाचवते आहे, मला दिसत होतं. मी म्हटलं, मग दुसरी लेखनिक पाहावी लागेल. तर दामिनी म्हणते, गावात बारावी झालेल्या पोरी दोनच, आणि दुसरीचं २४ तारखेला लगन हाये. "नवरीले मांडवातून उठवून आनू का?"

मला हसू आलं. तिला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सरांना नाव न घेता विचारलं. म्हणाले, पुरावा असेल तर मंगळवारी केंद्रप्रमुखांकडे जाऊ, नसेल तर पोरीच्या मागे लागू नका. शेवटी अजून काही तरी म्हणाले. पंखा होता, ऐकू आलं नाही. "हो सर" म्हणाले. काय "हो" म्हणाले देव जाणे! परत विचारायला लाज वाटली.

पुरावा. बरोबर आहे त्यांचं. माझ्या शब्दावर का म्हणून?

२१ एप्रिल, सोमवार

सराव मोबाईलवर रेकॉर्ड केला. चोरून नाही, दोघींना विचारून. रंजू माझ्याकडे न बघता लिहीत राहिली. तेच उत्तर पुन्हा सांगायला लावलं, आणि पुन्हा तेच! दामिनीच्या तोंडून रेती, वहीत शेती.

घरी आल्याबरोबर खुर्चीवर बसून ऐकलं, फोन नेहमीसारखा उजव्या कानाला. रेती. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. रेतीच. मीच बरोबर होते.

मग बरं का वाटत नाही? बरोबर निघाले याचा आनंद नको, पण सुटल्यासारखं तरी वाटायला हवं. निघताना दामिनी काठी उघडत म्हणाली होती, "आयकून पाहा मॅडम. पन नीट आयका." धमकी नव्हती ती. विनंतीही नव्हती. माझी काळजी वाटल्यासारखं बोलली.

एका माणसाच्या ऐकण्यावर मुलीचं वर्ष घालवणं न्यायाचं नाही. सरांकडे जाण्याआधी सकाळी कैलाशलाही ऐकवते. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही, म्हणजे पंच म्हणून चालेल.

२२ एप्रिल, मंगळवार

कैलाशने चहा पिता पिता ऐकलं. म्हणाला, शेती. म्हटलं, नीट ऐक. "शेतीच म्हणते ना ती पोरगी. साफ ऐकू येऊन राहिलं."

त्याच्या हातून फोन घेतला आणि डाव्या कानाला लावला. शेती. तीस. साठा. उजव्या कानाला — रेती.

सरांकडे जाणं रद्द. पेपर रंजूच लिहील. त्याआधी तिची माफी, मग दामिनीची, आणि बुधरामची राहिलीच आहे.

उजवीकडून कैलाश काही तरी म्हणाला. मी डावीकडे मान फिरवली आणि "काय?" म्हणाले. समोर भिंत होती.