बापाच्या दगडावरचा प

आई, चांगलं काही कळवायला हे लिहीत नाहीये, आधीच सांगते. तू जन्मभर जाईन जाईन म्हणालीस आणि न जाताच गेलीस, त्या सरहद्दीवरच्या लष्करी दफनभूमीत मी जाऊन आले. बापाचा दगड पाहिला. तंजावूरला परतून आठवडा झाला, डोक्यावरून न्हाऊन झालं, तरी किळस जात नाही.

तुझी ती ओळ मला अजून दिसते. बाप लढाईत गेल्यावर पलटणीतला माणूस घरी आला होता; दगडावर मातृभाषेत एक ओळ कोरायची म्हणाला. तू चुलीपुढे बसलेली, रसमची फोडणी तापत असलेली. मी म्हणते, "अप्पा असं लिही." शेजारची सगळी तमिळ मुलं बापाला तेच म्हणायची. तू पळी उगारतेस. "अप्पा नक्को. आमच्या घरांत बाप म्हणायचं, कळलं की?" मग देवनागरी येत नाही म्हणून आपलं मराठी नेहमीच्या तमिळ अक्षरांत, मांडीवर कागद घेऊन लिहितेस: लेकरांचा बाप इथे निजला. रडत नाहीस. त्या दिवशी फोडणी करपली.

तमिळमध्ये प आणि ब यांना एकच अक्षर. वाचताना आपली जीभ आपोआप बरोबर वळते. तिकडे देवनागरीत उतरवून घेणाऱ्याची कशाला वळेल?

ही जागा राष्ट्रीय आणि ऐतिहासिक आहे, असं फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. हिरवळ कापलेली, दगड रांगेत. ज्यांचं दहन झालं, ज्यांच्या दगडाखाली कोणीच नाही, त्यांची रांग वेगळी. सैनिकांच्या घरच्यांची आमची बस पोचली तेव्हा आत कुठलासा समारंभ चालला होता. पाहुण्याचा फलक सगळ्या दगडांहून उंच. त्याची माणसं थडग्यांवर बूट टेकवून फोटो काढत होती. एका बाईने बिर्याणीचा डबा चक्क एका दगडावर ठेवला आणि खाऊन झाल्यावर हात त्यालाच पुसले. "उष्टे हात पुसायला मेले का हे लोक?" असं मी ओरडले, तर ती हसली. निर्लज्ज.

मग त्या वेगळ्या रांगेत आपला दगड सापडला. लहानपणी हिंदीच्या शिकवणीत गिरवलेली अक्षरं एकेक लावत मी वाचलं. लेकरांचा पाप इथे निजला.

पाप! ज्या शब्दासाठी तू पळी उगारलीस त्याचं हे झालं, आणि इतकी वर्षं तो तसाच उन्हात उभा आहे. बस ठरवणारे गृहस्थ आपल्यातलेच, राजवाड्याच्या गल्लीतले. त्यांना ओढत आणून दाखवलं. ते पान चघळत म्हणाले, "त्यांत काय ओ अक्का? तमिळांत दोन्ही एकच की. इकडे कोण वाचतंय? या, उभ्या राहा, फोटो काढतों." बिर्याणीवालीपेक्षाही मला त्यांची जास्त शिसारी आली. तिला निदान आपली भाषा येत नव्हती. फाटकाजवळच्या कचेरीत गेले, तर एकदा बसवलेला दगड बदलत नसतात, असं ऐकून परत आले.

म्हणून मीच बदलला. बॅगेवर नाव घालायला आणलेला काळा मार्कर पर्समध्ये होता. ब च्या पोटात तिरकी रेघ असते, एवढं मला पक्कं आठवत होतं. कोणी बघत नाही असं पाहून त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरात ती ओढली, मोबाइलवर दगडाचा फोटो घेतला, तुझ्या वतीने नमस्कार केला आणि बसमध्ये जाऊन बसले. परतीच्या वाटेवर किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. ब चं पोट गोल असतं, बंद असतं. प च्या पोटात रेघ ओढली की होतो ष. बापाच्या दगडावर आता षाप झालाय. वाचणारा शाप असंच वाचेल.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून खरं सांगते. मला वाईट वाटायला हवं होतं. पण ती हात पुसणारी बाई आठवली, ते पान चघळणारं तोंड आठवलं, आणि मी म्हटलं, राहू दे.