गाडीतून उतरलेली आई

कीव, २६ फेब्रुवारी २०२२

चि. उल्यानास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि तेही चुकीचं, म्हणून हे पत्र रेल्वेच्या डब्याची देखभाल करणाऱ्या बाईच्या हाती देते. मी खुशाल आहे. बॉम्ब पडतात म्हणून तळघरात झोपते. काल तुझ्याकडे यायला पिशवी भरली, तेवढ्यात टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष कीवच्या रस्त्यावर उभे राहून म्हणाले, आम्ही इथेच आहोत. मी पिशवी रिकामी केली. मग वरच्या मजल्यावरचे पानास म्हणाले, अहो बाई, ते जुनं चित्रण आहे, गडी केव्हाच पळाला. पुन्हा भरली. आता ती दाराशी पडून आहे. छोट्या सोफियाला पापा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई, मेलानिया

उझहोरोद, १ मार्च

तीर्थरूप आईस लेकीचा नमस्कार.

राष्ट्राध्यक्षांचं तोंड दिसलं की तू टीव्ही बंद करायचीस, मतही दुसऱ्यालाच दिलंस, आणि आता त्यांच्या शब्दावर कीवमध्ये बसून राहतेस? त्यांच्याजवळ पहारेकरी आहेत, तुझ्याजवळ काकडीच्या लोणच्याच्या बरण्या! इथे सीमेजवळ आम्ही शाळेच्या हॉलमध्ये गाद्या टाकून राहतो. एक जण म्हणतो, ते पोलंडला गेले. एक बाई शपथेवर सांगते, तिने त्यांना याच गावात पेट्रोल भरताना पाहिलं. कोणावर विश्वास ठेवू? राहिले असतील तर ते त्यांचं काम. तुझं काम आजी असणं. गाडीत बस, आई.

रागावलीस तरी चालेल, पण ये.
उल्याना

कीव, ४ मार्च

चि. उल्यानास आशीर्वाद.

स्टेशनवर गेले होते. डब्यात एकच जागा उरली होती आणि पानास थरथर कापत होते, म्हणून ती त्यांना दिली. पत्र मागून सुटणाऱ्या गाडीतल्या बाईच्या हाती पाठवते. पानास पोचले की त्यांना वाडगाभर गरम बोर्श सूप वाढ.

आईवर लोभ ठेव.
मेलानिया

उझहोरोद, ७ मार्च

तीर्थरूप आईस नमस्कार.

पानासकाका पोचले. ते वेगळंच सांगतात. तुम्हा दोघांनाही जागा मिळाली होती म्हणे. गाडी सुटता सुटता कोणीतरी म्हणालं, राष्ट्राध्यक्ष पळाले. तू म्हणालीस, खोटं आहे, आणि ताडकन उतरलीस. आई, खरं काय? सोफिया विचारते, आजी आपल्यावर रुसली का. मी तिला काय सांगू? मला रडूही येतं आणि तुझा रागही येतो.

तुझीच, उल्याना

कीव, १० मार्च

चि. उल्यानास अनेक आशीर्वाद.

पानास खरं बोलले. तुला वाईट वाटेल म्हणून मी बनवून लिहिलं. उतरले खरी, पण खात्री मलाही नव्हती. मग वाटलं, स्वतःच जाऊन बघावं. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीच्या रस्त्यापर्यंत चालत गेले. वाळूच्या पोत्यांपाशी एका मिशाळ शिपायाने अडवलं. मी विचारलं, ते आत आहेत ना? तो म्हणाला, मावशी, ते सांगायची मला परवानगी नाही. पण तुम्ही इथे काय करताय? सगळे तर चाललेत.

 उल्याना, मी म्हटलं, मी इथेच राहते. तो हसला, वाट सोडली नाहीच, पण आपल्या थर्मासातला चहा दिला.

ते आहेत की नाहीत, मला अजून कळलेलं नाही. सोफियाला सांग, आजी रुसलेली नाही. आणि तुमच्या हॉलमध्ये कोणी म्हणालं, कीवमध्ये आता कोणीच उरलं नाही, तर माझं नाव सांग.

दूर असलीस तरी माझीच राहा.
तुझी आई