ऊठ की ऊट?

फाल्गुनी अमावास्या, संकेश्वर

महिनाभर लिहायचं टाळलं. लिहायला बसलो की आप्पा आठवतात. गेल्या पाडव्याला निपाणीत ते म्हणाले, तंबाखूच्या वखारीत बस. मी न्हाय म्हटलं. "मग परत हा उंबरा चढू नको!" तेच घेऊन वर्षभर हिंडतोय.

पण वर्ष वाया गेलं असं कसं म्हणू? बेळगावात सायकल शिकलो, सांबऱ्याच्या वाटेवर तिच्यासकट ओढ्यात पडलो. मग इथं गुऱ्हाळावर कामाला लागलो. पहिल्याच दुपारी मालकीणआक्का कानडीत म्हणाल्या, "ऊट माड." मला वाटलं, ऊठ म्हणतायत. गाठोडं उचलून निघालोच! आक्का मागनं पळत आल्या. "आरं येड्या, जेव म्हटलं!" आता पानं मांडली की सगळे मला "ऊठ रं, ऊठ" म्हणून चिडवतात. लई बरं वाटतं.

तरी तो उंबरा... उद्या पाडवा. जाऊ का? आप्पांनी तोंड फिरवलं तर? फिरवू देत. जातोच.

आक्का हाक मारतायत. "भाईर ये रं! निपाणीस्नं तुझं आप्पा आल्यात. पानी बी घेईनात, आदी पोरगं दाव म्हंत्यात."