खोडीची घोडी

१५ सप्टेंबर २०२४

आज जवळा बाजारच्या गुरांच्या बाजारात ती घोडी दिसली. माझ्या वरातीची.

बैलांच्या रांगेच्या टोकाला बांधली होती. बरगड्या वर आलेल्या. पुढचा डावा पाय नुसता टेकवलेला, भार त्यावर देतच नव्हती. एक व्यापारी तिचे दात बघत होता. मी मागे फिरणार होतो — खरं लिहायचं तर फिरलोच होतो. तेवढ्यात तिच्या मालकाने, वसरामभाऊंनी, ओळखलं. पाच महिन्यांपूर्वी तेच तिला घेऊन वसमतला आमच्याकडे आले होते.

त्यांनी हात जोडले.

"साहेब, माफी द्या. माझ्या घोडीनं तुमच्या वरातीत खराबी केली."

मी म्हणालो, जाऊ द्या.

जाऊ द्या! एवढंच निघालं तोंडातून.

व्यापारी तिला कुठे नेणार ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणालो, विकू नका, पाय बरा होईस्तोवर माझ्याकडे राहू द्या. म्हातारा माणूस माझ्या पाया पडायला वाकला. दोन्ही खांदे धरून उभा केला त्यांना. त्यांच्याकडे बघवेना.

१६ सप्टेंबर

इथे तरी लिहून टाकतो.

वरातीत डीजेसमोर सगळे मित्र ओरडत होते — नाचव, नाचव! वसरामभाऊ फटाक्यांची माळ लांब लावा म्हणून सांगायला पुढे गेले होते. जाताना लगाम माझ्या हातात दिला आणि बजावलं, नुसतं बसून राहा, टाच लावू नका, रस्ता ओला आहे. मी टाच लावली. एकदा नाही. दोनदा लावली, आणि वरून लगाम खेचला. ती मागच्या पायांवर उभी राहिली, सिमेंटवर घसरली, गुडघ्यावर पडली. माझं कोपर खरचटलं.

शेरवानीच्या घेरामुळे टाच लावलेली कोणाला दिसली नाही. सगळे विचारायला लागले तेव्हा मी म्हणालो, "काही कारण नसताना उधळली. खोडीची आहे घोडी."

मग मी कारमध्ये बसून मांडवात गेलो. तिचं काय झालं, एकदाही विचारलं नाही.

१९ सप्टेंबर

टेम्पोने आली. नाव शेवंती. बाबांच्या जुन्या गोठ्यात बांधली.

डॉक्टर येऊन गेले. जखम बाहेरून भरली आहे, आतली शीर अजून कच्ची. उभं राहून राहून अंग आखडलंय. रोज दहा मिनिटं मऊ मातीत हाताने धरून चालवायची. पाठीवर बसायचं सध्या नावच काढू नका म्हणाले.

ऐश्वर्या शेजारच्या बायकांना सांगत होती की आमच्या ह्यांना मुक्या जनावराची फार कणव. लग्नाला सहा महिनेही झाले नाहीत, तिला माझा केवढा अभिमान! मी मान खाली घालून कडबा टाकत राहिलो.

२९ सप्टेंबर

वसरामभाऊ एसटीने आले. दर रविवारी येणार म्हणाले. मला काहीच येत नाही, हे त्यांना दहा मिनिटांत कळलं. मी दोर धरून पुढून ओढत होतो.

"ओढू नका. तिच्या खांद्याला खांदा लावून चाला. तुमीबी चालून राहिलेत, असं तिला वाटू द्या."

तसं केलं. चालली.

६ ऑक्टोबर

पडल्यानंतरचा व्हिडिओ कोणीतरी तेव्हाच पसरवला होता. खाली माझेच शब्द — खोडीची घोडी. तेव्हापासून एकाही वरातीचं बोलावणं नाही. वसरामभाऊ आता कापूस वेचायला जातात. या वयात.

सांगताना आवाजात राग नव्हता. नऊ वर्षं लहान लेकरं बसवली हिच्यावर, म्हणाले, कधी कान हलवला नाही. "मलाच ती बराबर कळली न्हाई, साहेब."

हातात चहाचा कप होता. तो तसाच थंड झाला.

१७ ऑक्टोबर

पंधरा मिनिटं. लंगडणं कमी. खरं अजून कोणाला सांगितलं नाही.

२ नोव्हेंबर

दिवाळीचे फटाके. गल्लीत पोरांनी मोठी माळ लावली. मी गोठ्याकडे धावलो, दोर घट्ट धरला. शेवंतीने फक्त कान फिरवले आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं.

बाबा दारातून बघत होते. म्हणाले, "फटाक्याला तं भेत न्हाई ही. मंग त्या दिशी काहून उधळली?"

मी म्हणालो, कोणास ठाऊक.

बाबांशी दुसऱ्यांदा खोटं बोललो. घोड्याचा हट्ट त्यांचाच होता. त्यांच्या लग्नाच्या वेळी गावात आपल्या समाजाच्या माणसाला घोड्यावर बसू देत नव्हते. मी बसलो तेव्हा ते रस्त्याच्या कडेला फेटा सावरत, डोळे पुसत उभे होते. पडल्यावर माझी चूक कबूल केली असती तर त्या दिवसाचं काय झालं असतं — असं मी स्वतःला सांगत आलोय. पण ते कारण नव्हतं. मित्रांसमोर लाज वाटली, एवढंच.

२४ नोव्हेंबर

लांब दोरावर गोल फिरवली, दोन्ही बाजूंनी. आज पहिल्यांदा स्वतःहून दुडकी धरली. वसरामभाऊ लहान पोरासारखे हसले.

१५ डिसेंबर

खोगीर चढवलं. काही नाही. खोगिरावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. काही नाही. मी बूट घातलेला पाय नुसता पोटाजवळ नेला तर सगळं अंग थरथरलं. तोंडाला फेस.

वसरामभाऊ म्हणाले, "बुटाला काहून भेती ही?"

मी खोगीर उतरवायला लागलो. सांगायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती?

२९ डिसेंबर

बूट बंद. रोज अनवाणी तिच्या पोटाला पायाने खरारा करतो, म्हणजे पाय अलगद फिरवतो. आधी एक मिनिट, मग दोन. हातात गूळ-हरभरा. ऐश्वर्या हसते, म्हणते नवऱ्याने नवीनच पूजा शोधली.

१९ जानेवारी २०२५

बसलो. अनवाणी, टाचा बाहेर धरून. ती उभीच. बराच वेळ उभी. मग मान वळवून माझा गुडघा हुंगला आणि चालायला लागली. बांधापर्यंत जाऊन आलो.

उतरल्यावर खिशातला सगळा गूळ तिला दिला.

२३ फेब्रुवारी

पाय पक्का. डॉक्टर म्हणाले, हलकं काम करू द्यायला हरकत नाही. वसरामभाऊंनी एका लग्नघरी विचारून पाहिलं. ते म्हणाले, घोडी पाहिजे, पण ती नको.

जाताना त्यांनी मला विचारलं, "साहेब, कायमची ठेवता का हिला? तुमच्या हाती सुखात राहील."

ठेवायची होतीच! पाच महिने सकाळी उठलो की पहिला तिच्याकडे जातो. पण ज्या माणसाचं मी सगळं घालवलं त्याच्याकडून वरून घोडी घ्यायची? पुढच्या रविवारी सांगतो म्हणालो.

२ मार्च

सांगितलं. बाबांसमोर, ऐश्वर्यासमोर. टाच, लगाम, खोटं — सगळं.

ऐश्वर्या उठून आत गेली. बाबा म्हणाले, "आमाला कोणी घोडं देल्लं न्हाई. तुला देल्लं, तं तू..."

वसरामभाऊ माझ्या पायांकडे बघत होते. मग चहा न घेताच एसटी स्टँडकडे निघाले. मी मागे गेलो तर हातानेच नको म्हणाले.

५ मार्च

व्हिडिओ केला. तोंड दाखवून, नाव सांगून — घोडीत खोड नव्हती, टाच मी लावली. ज्या ज्या ग्रुपवर तो जुना फिरला होता तिथे टाकला. मित्र हसले. एकाने लिहिलं, एका जनावरासाठी एवढी इज्जत घालवली. दोघांनी फोन करून घोडीची तारीख विचारली. त्यांना वसरामभाऊंचा नंबर दिला.

माझे फोन ते उचलत नाहीत. ऐश्वर्या बोलते, कामापुरतं.

९ मार्च

वसरामभाऊ आले. मी शेवंतीला स्वच्छ करून दोर त्यांच्यापुढे धरला. म्हणालो, तुमची घोडी घेऊन जा, आता बोलावणी येतील.

त्यांनी दोर घेतला नाही.

"तुमच्या बोलण्यावर इस्वास ठेवून मी हिला तांड्यावर नेऊन मारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. लंगडत होती, तरी मारलं. आता कोणत्या तोंडानं नेऊ?"

मग तिच्याकडे न बघता निघून गेले. शेवंती आजपासून माझी.