उभ्या राहिलेल्या सोळा बाटल्या

४ मार्च, मंगळवार
आज वाळूचे अकरा नमुने. ओलावा, ताकद, परत ओलावा. नखांत काळं, नाकात काळं. साच्याची वाळू तपासायला मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. लागत नाही. पाच वर्षांत फौंड्रीत हे कुणी बोललं नाही. मीही नाही.
जेवणाच्या सुट्टीत देसाईकाकूंचा फोन. कॉलेजातले आमचे देसाई सर गेल्यानंतर पहिल्यांदाच.
"शाहूपुरीतला बंगला बिल्डरला दिलाय गं. महिनाअखेर रिकामा करायचाय. तळघरात तुमचं ते जांभळाचं पडलंय अजून. बघून जा, नाहीतर भंगारवाला नेईल."
मला वाटलं होतं, सरांनी केव्हाच त्या बाटल्या ओतून टाकल्या असतील. खरं म्हणजे तसं वाटून घेतलं होतं.

६ मार्च, गुरुवार
जुन्नरकडच्या वाइनरीचा मेल. फळांची वाइन करतात. जानेवारीत अर्ज टाकला होता आणि विसरून गेले होते. मुलाखत २५ ला, ११ वा. शेवटची ओळ: स्वतः केलेली वाइन असेल तर एक बाटली आणावी.
तीन दिवसांत दोनदा त्याच बाटल्या.
आईला सांगितलं नाही. काय सांगणार? या घरात तो शब्दच नाही. आप्पा पिऊन पिऊन पिवळे पडत होते त्या वर्षी आई गावातलं दुकान बंद करायला उंबरे झिजवत होती. मतदानाला बायकांना हाताला धरून नेलं, कागदावरच्या आडव्या बाटलीवर, म्हणजे दुकान बंदच्या बाजूनं, शिक्के मारायला लावले. पोस्टर मी रंगवले. आणि पोस्टर सुकत टाकून त्याच हातांनी सरांच्या तळघरात वाइन करायला जात होते.
आईला सांगितलेलं, कॉलेजात जांभळाचं सरबत करतोय. कोडोलीच्या मावशीनं पोत्यानं जांभळं पाठवली, आईनं बसून सगळ्या बिया काढल्या. आठ दिवस बोटं जांभळी. अजून सांगते लोकांना, "आमच्या पोरीनं सरबताचा शोध लावलाय."

९ मार्च, रविवार
तळघर. पायऱ्या अकरा, अजून पाठ आहेत. गारवा तसाच.
चोवीस बाटल्या. सोळा उभ्या. मी ठेवल्या तशा, रांगेत, शाळेतल्या प्रार्थनेला उभी केल्यासारख्या.
ते बघितलं आणि खाली पायरीवरच बसले.
बूच बसवल्यावर तीन दिवस बाटली उभी ठेवायची, मग आडवी करायची. वाइन बुचाला लागून राहिली तर बूच ओलं राहतं, नाहीतर आक्रसतं, हवा आत जाते, आंबते. सर म्हणाले होते, "तिसऱ्या दिवशी येऊन आडव्या करायच्या. ते तुझं काम."
तिसऱ्या दिवशी आप्पांना दवाखान्यात नेलं. अकराव्या दिवशी गेले. त्यानंतर तळघरात यायचं म्हटलं की आप्पांच्या शर्टाचा वास यायचा. एक महिना, मग दुसरा. मग फौंड्री लागली. सरांचे फोन आले, मी "येते, सर" म्हणत राहिले.
आठ मात्र आडव्या होत्या, गोणपाटावर. वर खिळ्याला जुनं कॅलेंडर. सरांचं अक्षर, पेन्सिलीनं:
"२ आडव्या केल्या. गुडघा."
पुढच्या पानावर, "२. पायऱ्या फार."
असं चार वेळा. शेवटी, "उरलेल्या ती येऊन करेल."
कॅलेंडर पिशवीत घातलं. बाटल्यांना हात लावला नाही.

१२ मार्च, बुधवार
दुसरी पाळी. अंग मोडून आलंय. साहेबांकडे २४, २५ ची रजा मागितली. "लग्नबिग्न ठरलं काय?" म्हणाले. हो म्हटलं असतं तर लगेच दिली असती. घरचं काम म्हटलं. बघू म्हणाले.

१६ मार्च, रविवार
बाटल्या उघडल्या. काकू मोडकी खुर्ची घेऊन शेजारी बसल्या, मांडीवर टॉवेल.
उभ्यांतली पहिली: बूच भाकरीसारखं कुस्करलं. नाकाला झणका. दुसरी, तिसरी, तीच गत. सोळाच्या सोळा उघडल्या. आशा नव्हती, पण न बघता टाकायच्या नव्हत्या. पाच वर्षं बघितलं नव्हतंच.
"लोणच्याला तरी चालेल का गं?" काकू.
"नाही, काकू."
बेसिनमध्ये ओतत गेले. बेसिन जांभळं, मग काळपट. आईची बोटं आठवली. एका मावशीची जांभळं, एका आईचे आठ दिवस आणि माझी एक न झालेली फेरी. रडू येईल असं वाटलं होतं. नुसता खांदा दुखत होता.
आडव्या आठ. तीन पाझरून अर्ध्या झालेल्या, त्या गेल्या. उरल्या पाच. त्यातली एक उघडली तर ओल्या गोणपाटाचा वास.
पाचातली दुसरी.
बूच अखंड निघालं. आधी वासच घेईना मी. मग घेतला. आप्पांचा शर्ट नाही. जांभूळ, जरा लवंगेसारखं काहीतरी, आणि मावशीच्या बांधावरची माती म्हटलं तर लोक हसतील. घोटभर जिभेवर. तुरट, मग मऊ. तुरटपणा जिभेच्या कडेला बराच वेळ राहिला. थुंकायचं असतं. थुंकले नाही.
काकूंनी वाटी पुढे केली. प्यायल्या. डोळे मिटून बसल्या.
"पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांनी मला एकदासुद्धा दिली नाही हो ही." मग वाटी परत पुढे.
चांगली झाली होती. आम्हाला येत होतं.
तीन न उघडलेल्या आणि ही अर्धी घरी आणली. न उघडलेल्या कॉटखाली. अर्धी मागच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे. उद्या चव घेऊन लिहून काढीन म्हणून.

१८ मार्च, मंगळवार
लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.
पहिल्या पाळीहून आले तर आई ओट्याशी. बाटली पुढ्यात, स्टीलच्या पेल्यात ओतलेली. आई शिरोलीच्या कामगारांचे डबे करते. आचेसमोर उभी राहून घामेजलेली. शेजारच्या शमाभाभी डब्यांच्या पिशव्या शिवून घेऊन आलेल्या, त्यांच्याहीसाठी एक पेला.
"ह्ये बघा भाभी, पोरीचं सरबत! पाच वर्सं टिकलंय की! कुठं लपवून ठेवलंतीस गं?"
भाभींनी पेला उचललेला. रोजे चालू आहेत, म्हणून म्हणाल्या, "इफ्तारला घेते की मी, झाकून द्या."
एक क्षण वाटलं, दोघींपैकी कुणाला काही कळणार नाही. तो क्षण मी लिहून ठेवते आहे.
"भाभी, ते ठेवा. आई, पिऊ नको. सरबत नाही ते. दारू आहे. वाइन. तेव्हाही वाइनच केलेली."
भाभींनी पेला ठेवला, "मी येते सांच्याला" म्हणाल्या आणि गेल्या. भली बाई.
आई म्हणाली, "म्हंजी मी दारूच्या बिया काढल्या."
"हो."
"दिसभर आडवी बाटली, आडवी बाटली करत फिरलो आपुन. आन् तू..."
पेला उचलला. मला वाटलं, मोरीत ओतणार. नाकाजवळ नेला. बराच वेळ धरला. डब्याच्या आमटीत मीठ कमी हे ती वासावरून सांगते.
"तुझ्या आप्पाचा वास न्हाय ह्यात," म्हणाली. "माझ्या भनीची जांभळं हाईत."
मग दोन्ही पेले मोरीत ओतले. बाटलीही ओतली. भांडी घासायला बसली.

२० मार्च, गुरुवार
आई बोलत नाही. "जेव" आणि "दार लाव" एवढंच.
रजा मिळाली.

२२ मार्च, शनिवार
आज मीच बोलले. मुलाखत, जुन्नर, बाटली न्यायची, सगळं. सरांचं कॅलेंडरही दाखवलं. आईला वाचायला येत नाही, मी वाचून दाखवलं. "गुडघा" वर थांबली.
"म्हाताऱ्यानं एकट्यानं केलं व्हय?"
"हो."
"आन् तू ग्याली न्हाईस."
"नाही गेले."
"मग आता बी जाऊ नगं म्हनलं तर?"
ती नको म्हणाली तर जाणार नाही असं मनात म्हणून बघितलं, खोटं वाटलं. जाणारच म्हणून बघितलं, तेही तसंच.
"ते पिऊन कुणाचं तरी घर मोडंल त्याचं काय?" म्हणाली. हे मात्र पुस्तकात वाचलेलं काही सांगून टाळता येईना. "मोडेल कदाचित," म्हटलं.
ती डाळ निवडत राहिली.

२४ मार्च, सोमवार
बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय.
सकाळी ओट्यावर डब्यांच्या रांगेशेजारी माझा डबा. फौंड्रीला नेते तो नव्हे, झाकणाला कडी असलेला. त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडा झुणका. दोन दिवस टिकेल असं सगळं. दशम्यांना दूध लागतं, म्हणजे रात्रीच जादा घेऊन ठेवलं होतं.
मी तीनातली एक बाटली टॉवेलात गुंडाळत होते. आई पाठमोरीच.
"त्या लोकांनी संपवली तर बाटली परत आण. काच चांगली हाय, त्याल ठेवाय हुईल."
"आणि चांगली निघाली नाही तर?"
न उघडता कळत नाही, हे तिला परवा सांगितलं होतं. आठांतली गोणपाटाच्या वासाची निघाली होती, हेही.
"मग भरलेली घरात आणू नगंस." जरा थांबून, "तू मातूर ये."
वाकून पाया पडले. हात डोक्यावर ठेवला की हातावरचं पीठ झटकलं, कळलं नाही.
शेजारच्या सीटवरचे पावणे विचारतात, "काय लोणचं हाय काय त्यात?" जांभूळ, म्हटलं मी.
कराड गेलं. बाटली मांडीवर आडवी धरलीय. रस्ता खराब आहे, गाळ हलत असणार आत. धरून हात अवघडलाय. खाली ठेवत नाही.